सरळ सामन्यात हरलेलं डिझेल

माझे मामा पहिल्यांदा न्यू जर्सीला आले तेव्हा विमानतळावरून घरी येताना मी पंपावर थांबलो. या राज्यात आपल्या हाताने पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे. पंपावरचा मुलगा आला, त्याने टाकीचं झाकण उघडलं, आणि मामांना एकदम कोथरूडला असल्यासारखं वाटलं. मग त्यांनी दरांची पाटी वाचली. "अरे, यांनी आकडे उलटे लावलेत का? डिझेल महाग?" आकडे बरोबर होते. त्या दिवशी डिझेल पेट्रोलपेक्षा गॅलनला अर्ध्या डॉलरहून जास्त महाग होतं, आणि इथे गेली वीसेक वर्षं बहुतेक वेळा ते महागच असतं.

मामांनी आयुष्यभर डिझेल चालवलं. आधी इंडिका, मग इनोव्हा. पुढच्या दोन दिवसांत त्यांनी आमच्या पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांची पाहणी केली आणि निकाल दिला: "एवढे लांब रस्ते, एवढ्या अवजड गाड्या, आणि डिझेल एकही नाही. या लोकांना हिशेब येत नाही का रे?"

हा प्रश्न एकट्या मामांचा नाही. अमेरिकेतले डिझेलचे चाहते तो चाळीस वर्षं विचारतायत, आणि २०२५ मध्ये वॉशिंग्टनमधली हवा बदलल्यापासून जरा जास्त आशेने विचारतायत. प्रदूषणाचे नियम सैल होणार असतील तर डिझेल गाडी परत का येऊ नये? आज इथे नवी डिझेल सेडान शोरूममध्ये मिळतच नाही. बीएमडब्ल्यूने २०१८ नंतर अमेरिकेत डिझेल विकलं नाही. शेव्हरोलेची क्रूझ डिझेल २०१९ मध्ये गेली. माझदाने सीएक्स-५ चं डिझेल वर्षानुवर्षं कबूल करून अखेर २०१९ मध्ये आणलं आणि आणल्या आणल्या बंद केलं. मोठ्या पिकअप ट्रकमध्ये मात्र डिझेल ठणठणीत आहे. जनरल मोटर्सचं ३ लिटरचं ड्युरामॅक्स इंजिन सिल्व्हराडोपासून टाहो, सबर्बनसारख्या अगडबंब एसयूव्हीपर्यंत बसतं. बाकी कुटुंबाची गाडी म्हणून डिझेलचा विषय संपल्यात जमा आहे.

तो का संपला, याची तयार उत्तरं सगळ्यांना पाठ असतात. कुणी फोक्सवॅगनच्या घोटाळ्याकडे बोट दाखवतो, कुणी जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबील या ब्रँडच्या, १९८० च्या आसपास फसलेल्या डिझेल इंजिनाकडे, आणि कुणी म्हणतो सरकारनेच डिझेलचा गळा घोटला. प्रत्येकात थोडं तथ्य आहे. माझं म्हणणं मात्र थोडं वेगळं आहे. डिझेल गाडी जगात जिथे जिथे फोफावली तिथे सरकारने तराजूच्या पारड्यावर अंगठा ठेवला होता. अमेरिकेने तो ठेवला नाही. पेट्रोल आणि डिझेलला एकाच रेषेवर उभं केलं, आणि त्या शर्यतीत डिझेल मागे पडलं. म्हणून ते परत आणण्यासाठी आता नियम वाकवू नयेत, आणि वाकवले तरी ते येणार नाही.

आधी अंगठ्याबद्दल. जर्मनीत लिटरमागे पेट्रोलवर सुमारे ६५ सेंट इंधनकर आहे आणि डिझेलवर ४७. म्हणजे पंपावर पोचायच्या आधीच डिझेलला १८ सेंटची सूट. ही पहिली सवलत. दुसरी जरा झाकलेली होती. युरोपच्या प्रदूषण-नियमांत डिझेल गाडीला पेट्रोलपेक्षा सरळसरळ जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा होती. २००० साली आलेल्या युरो-३ मध्ये पेट्रोल गाडीला किलोमीटरमागे ०.१५ ग्रॅम आणि डिझेलला ०.५०. पुढच्या युरो-४ मध्ये ०.०८ आणि ०.२५. एका वर्गात दोन मुलं, एकाला पास व्हायला ३५ गुण, दुसऱ्याला १२, आणि मग दुसऱ्याचं कौतुक! २०११ च्या सुमारास पश्चिम युरोपात विकली जाणारी निम्म्याहून जास्त नवी गाडी डिझेल होती, त्यात नवल ते काय.

आपल्याकडचा किस्सा तर मामांच्या घरातला आहे. २०१२ च्या मध्यावर पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे तीसेक रुपयांची दरी होती. डिझेलची सवलत शेतकऱ्याच्या पंपासाठी आणि एसटीसाठी, आणि तिच्यावर धावत होत्या पुणे-मुंबई एक्स्प्रेस वेवरच्या एसयूव्ही. त्या काळात भारतातली जवळपास निम्मी नवी गाडी डिझेल होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले, दरी बुजत गेली, एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचं कडक मानक आलं, त्याच महिन्यापासून मारुतीने डिझेल बनवणंच थांबवलं. अंगठा उचलला की पारडं कुठे जातं ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. मामांचा 'हिशेब' हा अर्धा गाडीचा होता आणि अर्धा अर्थमंत्र्यांचा.

अमेरिकेत उलट, डिझेलवर संघराज्याचा कर जास्त आहे: पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट, डिझेलवर २४.४. डिझेलप्रेमी मंडळी इथेच हात वर करतात, की बघा, हा अन्याय! पण हा आकडा नीट तपासून बघा. एका गॅलन डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण १३ टक्के जास्त ऊर्जा असते. म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने डिझेलवर २१ सेंटच्या आसपास कर न्याय्य ठरला असता. जादा पडतात ते साडेतीन सेंट. वर्षाला १२,००० मैल चालणारी, गॅलनला ३७ मैल देणारी गाडी वर्षात सव्वातीनशे गॅलन पिते. त्यावर साडेतीन सेंट धरले तर वर्षाचे ११-१२ डॉलर होतात. एवढ्यात इथे दोन माणसांचं धड जेवणही होत नाही. या पैशांपायी कुणी डिझेल गाडी घ्यायची सोडली असेल यावर माझा विश्वास नाही. शिवाय १९८४ मध्ये हा फरक आला तो अवजड ट्रकांकडून रस्त्याची झीज वसूल करायला. त्याच वेळी डिझेल मोटारी घेणाऱ्यांना एकरकमी परतावा देण्याची सोयही कायद्यात केली होती. डिझेलद्वेष्टं सरकार असं वागत नसतं.

दर चढा राहतो त्याचं मोठं कारण तेलशुद्धीकरणात आहे. अमेरिकन रिफायनऱ्या शंभर वर्षं पेट्रोलसाठी घडत आल्या. जड तेलाचे रेणू तोडून त्यांतून जास्तीत जास्त पेट्रोल काढायचं, ही त्यांची रचना. ४२ गॅलनच्या पिंपातून १९-२० गॅलन पेट्रोल निघतं, डिझेल ११ ते १३. आणि त्या डिझेलवर ट्रक, मालगाड्या, ट्रॅक्टर, बांधकामाची यंत्रं असे सगळे टपलेले. ईशान्येकडच्या राज्यांत घरं तापवायचं तेलही त्याच जातीचं, त्यामुळे थंडी पडली की मागणी आणखी चढते. गंमत म्हणजे युरोपने करसवलतीच्या जोरावर एवढ्या डिझेल गाड्या वाढवल्या की त्यांच्याकडे पेट्रोल उरू लागलं. ते जहाजांनी न्यूयॉर्कच्या बंदरात यायचं आणि इकडचं डिझेल तिकडे जायचं. अमेरिकन माणसाने डिझेल गाडी घेतली असती तर तो युरोपच्या ड्रायव्हरशी आणि आयोवातल्या शेतकऱ्याशी एकाच पिंपासाठी भांडला असता.

आता ओल्ड्समोबीलबद्दल. ही कथा थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण डिझेलची संधी खरी होती तेव्हाची ती आहे. १९७३ ची तेलबंदी होऊन गेली होती, पंपांवर रांगा लागल्या होत्या, १९७५ मध्ये गाड्यांच्या ॲव्हरेजचा कायदा झाला होता. १९७८ च्या मॉडेल वर्षात जनरल मोटर्सने ५.७ लिटरचं आठ सिलिंडरचं डिझेल आणलं. सगळी यंत्रसामग्री, सगळी मापं पेट्रोल इंजिनाची. कारखान्यात तीच जोडणी वापरता यावी म्हणून डिझेलचा आकार पेट्रोलच्या आकारात बसवलेला. ब्लॉक जाड केला होता, तो मजबूतही होता. पण हेड घट्ट धरून ठेवणारे बोल्ट तेवढेच आणि तिथेच ठेवले. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती तापून इंधन आपोआप पेटतं. तो दाब पेट्रोल इंजिनाच्या बोल्टांना पेलवेना. बोल्ट ताणले जायचे, हेड गॅसकेट जायचं, पाणी सिलिंडरमध्ये शिरायचं. त्यात इंधनातलं पाणी वेगळं काढणारा सेपरेटर खर्च वाचवायला बसवलेला नव्हता, आणि त्या काळच्या पंपांवरच्या डिझेलमध्ये पाणी भरपूर. गंजाने इंजेक्शन पंप धरायचा. बरेच मालक जुन्या सवयीने पाणी घालवायला टाकीत अल्कोहोल ओतायचे, त्याने पंपाचं आणखी वाटोळं. डीलरकडच्या मेकॅनिकला डिझेलचं शिक्षण नाही. तो तेच ताणलेले बोल्ट परत आवळून गाडी बाहेर काढायचा, आणि काही महिन्यांत गाडी परत दारात.

१९८१ मध्ये अमेरिकेतल्या नव्या मोटारींत डिझेलचा वाटा सुमारे ६ टक्के होता, तो आजवरचा उच्चांक. १९८५ मध्ये हे इंजिन बंद झालं. पाठोपाठ १९८६ मध्ये खनिज तेलाचे भाव निम्म्याहून खाली कोसळले. लोक म्हणतात ओल्ड्समोबीलने डिझेल मारलं. मला वाटतं त्याने बदनामी केली, मारलं स्वस्त पेट्रोलने. कारण त्याच काळात, त्याच पंपांवरचं तेच पाणचट डिझेल पिऊन मर्सिडीजच्या ३००डी लाख लाख मैल धावत होत्या. त्या काळात मर्सिडीज इथे ज्या गाड्या विकायची त्यातल्या बहुतांश डिझेल होत्या. जुन्या ३००डी आजही कॅलिफोर्नियात हौशी लोक हॉटेलचं तळणीचं तेल गाळून चालवताना दिसतात, मागून भज्यांचा वास सोडत. चांगलं डिझेल काय असतं हे अमेरिकेला ठाऊक होतं. पेट्रोल पाण्याच्या भावात मिळायला लागल्यावर तिला त्याची गरज उरली नाही.

आणि मग धूर. लॉस एंजेलिसची हवा पन्नासच्या दशकात डोळे चुरचुरेल इतकी बिघडली होती. हागेन-स्मिट नावाच्या तिथल्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की गाड्यांतून निघणारे नायट्रोजन ऑक्साइड आणि न जळलेली हायड्रोकार्बनं उन्हात एकत्र येऊन ओझोन बनतो, तेच ते धुरकं. कॅलिफोर्नियाचे कडक नियम त्या ज्ञानातून आले. आता डिझेलची अडचण बघा. पेट्रोल गाडीत हवा आणि इंधन मोजून मापून जळतं, म्हणून तिचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिन्ही प्रकारची घाण एकाच डब्यात साफ करतो. डिझेलमध्ये हवा नेहमी जास्तीची. त्यामुळे ॲव्हरेज चांगलं मिळतं, आणि त्याचमुळे तो डबा नायट्रोजन ऑक्साइडवर चालत नाही. ज्वलन गरम ठेवा, काजळी कमी होते पण नायट्रोजन ऑक्साइड वाढतं. थंड करा, हे घटतं आणि काजळी वाढते. आखूड पांघरुणासारखं, डोकं झाकलं की पाय उघडे. काजळीला गाळणी हवी, नायट्रोजन ऑक्साइडला युरियाच्या द्रावाची वेगळी टाकी हवी, आणि हे सगळं घातलं की गाडी हजारो डॉलरने महाग होते.

अमेरिकेने २००४ पासून टप्प्याटप्प्याने जे नियम आणले त्यांत इंधन कुठलं हे विचारलंच नाही. उत्पादकाच्या सगळ्या गाड्यांची सरासरी मैलामागे ०.०७ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड. किलोमीटरमध्ये हे ०.०४३ होतं, म्हणजे युरोप तेव्हा डिझेलला जेवढी मुभा देत होता तिच्या साधारण सहावा भाग. सरकारने नुसता नियमच लादला असंही नाही. २००६ मध्ये डिझेलमधलं गंधक ५०० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५०० भाग) १५ वर आणून शुद्धीकरणाच्या यंत्रणा टिकतील असं इंधन पंपावर पोचवलं. मैदान सपाट करून दिलं आणि रेषा एकच आखली. डिझेलवर अन्याय झाला म्हणणाऱ्यांनी हे सगळं विसरायचं ठरवलेलं दिसतं.

फोक्सवॅगनने या रेषेवर जे केलं ते जगजाहीर आहे, पण त्यातला एक धागा मला फार बोलका वाटतो. आयसीसीटी ही वाहनांच्या प्रदूषणावर काम करणारी संस्था. तिला युरोपला दाखवून द्यायचं होतं की बघा, अमेरिकेच्या कडक नियमांत डिझेल किती स्वच्छ चालतं. थोडक्यात, डिझेलची बाजू मांडायलाच तिने वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्या चमूला काम दिलं. त्या चमूत अरविंद थिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना हे दोन भारतीय होते. त्यांनी डिकीत मोजणीची यंत्रं आणि जनरेटर कोंबून गाड्या कॅलिफोर्नियाच्या खऱ्या रस्त्यांवर चालवल्या. फोक्सवॅगनची जेटा मर्यादेच्या १५ ते ३५ पट घाण सोडत होती, पसाट ५ ते २० पट. सप्टेंबर २०१५ मध्ये कबुली आली: गाडीला आपली परीक्षा चालू आहे हे ओळखता यायचं, तेवढ्यापुरती ती शहाण्यासारखी वागायची. अमेरिकेत मोठ्या इंजिनांसकट ५ लाख ८० हजारांवर गाड्या, जगात १ कोटी १० लाख. ज्या जेटाला २००९ साठीचा 'ग्रीन कार ऑफ द इयर' किताब मिळाला होता तो परत करावा लागला. आपल्याकडेही पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणी संस्थेने चाकणहून निघालेल्या गाड्या तपासल्या आणि सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

पण त्या अभ्यासात तिसरी गाडी होती, बीएमडब्ल्यूची एक्स-५. ती बहुतेक ठिकाणी मर्यादेत राहिली. सगळे फोक्सवॅगनची चोरी सांगतात, या तिसऱ्या गाडीबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मते खरा निकाल तिच्यात आहे. प्रामाणिक डिझेल शक्य होतं, पण ५०-६० हजार डॉलरच्या, युरियाच्या टाकीला जागा असलेल्या धिप्पाड गाडीत. २०-२२ हजारांच्या जेटामध्ये ते बसत नव्हतं, म्हणून तिथे सॉफ्टवेअरने खोटं बोलावं लागलं. नंतर एकेकाचे हिशेब निघत गेले. २०१९ मध्ये फियाट क्रायसलरने एक लाखावर जीप आणि रॅमसाठी तडजोड केली, २०२० मध्ये मर्सिडीजवाल्या डेमलरने दीड अब्ज डॉलर भरायचं कबूल केलं, आणि पिकअपच्या इंजिनांसाठी कमिन्सला १.६७५ अब्जांचा दंड बसला. इतक्या हुशार कंपन्यांना इतक्या वेळा लबाडी करावी लागते, तेव्हा दोष नुसत्या नीतीचा नसतो. त्या किमतीत ते गणित सुटतच नव्हतं.

एक मराठी मुलुखातली फरफटही इथे नोंदवतो. मुंबईच्या महिंद्राने स्कॉर्पिओच्या कुळातला छोटा डिझेल पिकअप अमेरिकेत आणायचं ठरवलं होतं. इथल्या डीलरांनी आगाऊ पैसे भरले, वर्षानुवर्षं वाट पाहिली, २०१० मध्ये ईपीए या अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं प्रमाणपत्रही मिळालं. गाडी मात्र आली नाही, आले ते खटले. तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. नाशिकची गाडी टेक्सासच्या रस्त्यावर बघायची हौस होती. आज वाटतं, तिचं अधिकृत ॲव्हरेज बघून अमेरिकन गिऱ्हाईकाने तिला किती दिवस विचारलं असतं कोण जाणे. गॅलनला विसाच्या आसपास तर पेट्रोलचे पिकअपही देत होते.

मग डिझेलचं गिऱ्हाईक गेलं कुठे? लांब गाडी चालवणारा, इंधनाचा हिशेब ठेवणारा, थोडे जास्त पैसे आधी मोजायला तयार असलेला माणूस. तो टोयोटाच्या दारात गेला. प्रियस इथे २००० साली आली तेव्हा युरोपातले इंजिनिअर तिला हसायचे, दोन इंजिनांचा हा कसला संसार म्हणून. २०२५ ची कॅमरी हायब्रिडशिवाय मिळतच नाही, आणि तिचा साधा प्रकार गॅलनला ५१ मैल देतो. क्रूझ डिझेल हायवेवर ५२ द्यायची हे खरं, पण शहर धरून सरासरी ३७. पेट्रोल ३ डॉलर आणि डिझेल ३.७० धरलं तर १२,००० मैलांना कॅमरीला ७०६ डॉलर लागतात आणि क्रूझला १,२००. वातावरणाचा हिशेब तर आणखी एकतर्फी आहे. एक गॅलन डिझेल जाळलं की १०.१८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलचा ८.८९. म्हणून डिझेलचे ३७ मैल हे कार्बनच्या मोजपट्टीवर पेट्रोलचे ३२ च भरतात. गॅलन हे माप डिझेलला जरा फुगवूनच दाखवतं, आणि आपण लिटरवाले त्याच चकव्यात सापडतो.

या सगळ्यात अमेरिकेला धुतल्या तांदळासारखं ठरवायचा माझा इरादा नाही. मोटारीला कडक नियम लावून 'ट्रक' म्हणवणाऱ्या पाच-सहा हजार पौंडांच्या पेट्रोलपिऊ गाड्यांना याच देशाने सवलतीचं ॲव्हरेज दिलं, आणि बघता बघता सगळा देश ट्रकमध्ये जाऊन बसला. धुराच्या बाबतीत इथे समान न्याय होता, तेल पिण्याच्या बाबतीत नव्हता. युरोपने नेमकं उलट केलं. कार्बन वाचवायच्या नावाखाली शहरांतल्या लोकांच्या फुफ्फुसांत नायट्रोजन डायऑक्साइड भरला, आणि नंतर पॅरिस-माद्रिदला जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घालायची वेळ आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर निश्चित कर्ककारक म्हणून २०१२ मध्येच जाहीर केला होता.

डिझेलवाल्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा वेगळाच आहे, आणि तो मला काही दिवस सतावत होता. कॅलिफोर्नियात आज विकलं जाणारं निम्म्याहून जास्त डिझेल जमिनीतून आलेलंच नाही. ते वापरलेलं तळणीचं तेल, प्राण्यांची चरबी, सोयातेल यांपासून बनतं, आणि कुठल्याही डिझेल इंजिनात जसंच्या तसं चालतं. मग असं इंधन मिळत असताना डिझेल गाडी वाईट कशी? वाईट नाही. पण जगातलं तळणीचं तेल मोजकं आहे. ४० टनांचा ट्रक किंवा मालगाडीचं इंजिन आज बॅटरीवर सहज चालत नाही, आणि हायब्रिडनेही त्यांचं फारसं भागत नाही. असं इंधन आधी त्यांच्या वाट्याला जायला हवं. ज्या घरगुती गाडीला निम्म्या त्रासात दुसरा उपाय सापडलाय तिने या रांगेत घुसायचं कारण नाही. रांगेत आजोबा उभे असताना आपण कूपन पुढे करावं, तसलं ते होईल.

आता ताजी आशा. २०२५ च्या उन्हाळ्यात ॲव्हरेजच्या नियमभंगाचा दंड शून्यावर आला, कॅलिफोर्नियाचा शून्य-प्रदूषण गाड्यांचा नियम संसदेने उडवला, इलेक्ट्रिक गाडीची साडेसात हजार डॉलरची सवलत सप्टेंबरअखेर संपली. ऑगस्टमध्ये ईपीएने सांगितलं की युरियाचा द्राव संपला म्हणून ट्रक किंवा ट्रॅक्टर एकाएकी रांगायला लागू नये अशी रचना करा. शेतात उभ्या पिकात ट्रॅक्टर अडकलेल्या माणसाला यातलं शेवटचं पटेल, मलाही पटतं. पण या यादीत डिझेल मोटारीच्या कामाचं काही आहे का बघा. ॲव्हरेजचा दंडच नसेल तर कंपनीला डिझेलची गरजच काय? ती बिनधास्त मोठं पेट्रोल इंजिन घालेल. नियम सैल झाल्याचा फायदा स्वस्त पेट्रोल गाडीला मिळतो, महाग डिझेलला नाही. १९८६ ची पुनरावृत्ती होईल, फार तर.

आणि नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा सैल केलीच, तर काय होतं ते आताच दिसतंय. ईपीएच्या २०२० च्या अंदाजानुसार दहा वर्षांत ५ लाख ५० हजारांवर डिझेल पिकअपच्या मालकांनी प्रदूषण रोखणारी यंत्रणा पैसे देऊन काढून टाकली. काहीजण मुद्दाम काळा धूर सोडतात, सायकलवाल्याच्या किंवा प्रियसच्या तोंडावर. ती त्यांची करमणूक. माझ्या गाडीवर एकदा पेनसिल्व्हेनियात असा लोट आला. काचा बंद होत्या तरी बायकोच्या ओढणीला दोन दिवस वास होता. या मंडळींसाठी नियम वाकवायला मी तयार नाही, आणि मला नाही वाटत शहरातले मतदारही तयार होतील.

मामांचा निकाल मात्र युक्तिवादाने बदलणार नव्हता. ते परत जायच्या आधी आम्ही नायगाराला गेलो, भाड्याने घेतलेली कॅमरी हायब्रिड, ४०० मैलांचा प्रवास. मामा पुढच्या सीटवर बसून पूर्ण वेळ इंधनाच्या काट्यावर नजर ठेवून होते. बफेलोजवळ आल्यावर मी टाकी भरली तेव्हा आठ गॅलनच बसलं. जेवायला थांबलो तिथे त्यांनी कागदी रुमालावर पेनाने मैलांचे किलोमीटर केले, गॅलनचे लिटर केले, भागाकार केला.

"लिटरला एकवीस. माझी इनोव्हा तेरा देते, तेही मी चालवली तर." थोडा वेळ ते गप्प होते. "ही आपल्याकडे मिळते का रे?"

"मिळते मामा. अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास."

"अठ्ठेचाळीस?"

"अशा मोठ्या हायब्रिडवर आपल्याकडे चाळीस टक्के कर आहे. इलेक्ट्रिकवर पाच."

मामांनी रुमाल उलटा केला आणि दुसऱ्या बाजूला नवा हिशेब मांडायला घेतला.